संबलपूरच्या अलीकडे

ह्यांचं वर्षश्राद्ध नामपूरला आटपून आम्ही मायलेकी नाशिकला परतत होतो. गाडी मुक्ता चालवत होती. चांदवड मागे पडलं आणि पुढच्या चाकाकडून खडखड ऐकू यायला लागली. मुक्ताला वाटलं, डिकीतली पातेली वाजताहेत. मला तसं वाटलं नाही. पातेल्यांचा आवाज पोकळ असतो. हा आवाज खालून येत होता, कुणाच्या तरी हाडातून आल्यासारखा.

आडगाव नाक्याजवळ तिनं एका गॅरेजपाशी गाडी घेतली. मिस्त्री गाडीखाली डोकावून आला आणि म्हणाला, "शॉकप गेलाय ताई. वेळ लागंल." मग माझ्याकडे बघून, "मावशी, तुम्ही तिकडं सावलीला बसा."

त्यानं भिंतीकडेला प्लास्टिकची खुर्ची टाकली. मुक्ता फोनवर बोलत रस्त्याच्या बाजूला गेली. माझ्या खुर्चीशेजारी तुटक्या पाट्यांचा ढीग पडला होता. ट्रकच्या चाकांवर लोखंडाच्या लांब, धनुष्यासारख्या वाकवलेल्या पट्ट्या एकाखाली एक बसवलेल्या असतात. गाडीचा सगळा भार त्या झेलतात. खड्डा आला की दबतात, पुन्हा वर येतात. त्यांना पाटे म्हणतात. ढिगातल्या पाट्यांना आता काही झेलायचं नव्हतं. गंज चढून ते गुळाच्या रंगाचे झाले होते. एकाच्या तुटल्या तोंडावरून मी बोट फिरवलं. लोखंड तुटतं तिथं ते आतून रव्यासारखं दाणेदार असतं. हे मला ह्यांनी दाखवलं होतं, फार वर्षांपूर्वी, संबलपूरच्या अलीकडे.

ग्रीस, गंज आणि डिझेल. त्यात शेजारच्या टपरीवरच्या उकळून उकळून कडू झालेल्या चहाचा वास. एवढं पुरे झालं.

माझं माहेर चांदवडचं. घर हायवेला लागून. घाट उतरून येणाऱ्या ट्रकांच्या तापलेल्या ब्रेकचा जळका वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि आई फोडणी करपली म्हणून धावायची. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर धूळ बसायची. पडल्या पडल्या मला नुसत्या आवाजावरून कळायचं, गाडी भरलेली आहे की रिकामी. भरलेली गाडी कण्हते. रिकामी नुसती बडबडते. आई म्हणायची, "कुणालाही देईन, पण ट्रकवाल्याला पोरगी द्यायची नाय." आणि दिली ती ट्रकवाल्यालाच. कारण बघायला आलेल्या मुलानं चहाची रिकामी कपबशी स्वतः उचलून आत आणून ठेवली. आईचा नकार त्या कपबशीतच विरघळला.

नामपूरला आले आणि भाषा बदलली. चांदवडपासून लांब नाही, पण तिकडं 'आहे'ला 'शे' म्हणतात, 'मला'ला 'माले'. पहिल्या दिवशी शेजारची बाई दारात येऊन म्हणाली, "घरमा कोणी शे का?" आणि मी पदर तोंडात कोंबून हसले. हळूहळू त्या भाषेची सवय झाली. श्रावणात कांद्याच्या चाळी उघडत. उन्हाळ्यापासून साठवलेला कांदा बाहेर यायचा आणि त्याचे गुलाबी पापुद्रे गावभर उडत. केसांत अडकत, पाण्याच्या हंड्यावर तरंगत, देवाच्या फोटोमागे जाऊन बसत. बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरांची रांग नदीच्या पुलापर्यंत जायची. आता त्या पुलावरून गेले तर रांग दिसते, पण पापुद्रे तसे उडत नाहीत. की मीच बघत नाही, कोण जाणे.

आमचं पहिलं बाळ आषाढात गेलं.

बाळंतपण फार लांबलं होतं. मला शुद्ध आली तेव्हा खोलीत फिनेलचा वास होता आणि उशाशी सासूबाई बसल्या होत्या. "पोर व्हती, माय," त्या म्हणाल्या. "मरेलच जन्मनी." मेलेलीच जन्मली म्हणे. ह्यांनी आणि सासऱ्यांनी तिला त्याच दिवशी मोसम नदीच्या काठी नेऊन पुरलं. मी तिचं तोंडही पाहिलं नाही. घरी आले तर शिवून ठेवलेली दुपटी, टोपडी, सगळं कुणीतरी उचलून नेलेलं. छातीला घट्ट पट्टा बांधून माझं दूध आटवलं. माझ्यासमोर कुणी बाळाचं नाव काढत नसे. तिला नाव नव्हतंच म्हणा. मी एकदा सासूबाईंना विचारलं, "दिसायला कशी होती?" त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नको इचारू माय." त्यांचंही बरोबर असेल. त्यांची दोन गेली होती, आणि त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

हे तर समोरच यायचे नाहीत. आले तर ताटात बघून जेवायचे. रात्रंदिवस गाडीचंच काहीतरी काढून बसायचे. मला वाटायचं, ह्यांना काही झालंच नाही.

सव्वा महिना उलटला आणि कलकत्त्याला न्यायचा कांदा गाडीत भरला गेला. निघायच्या सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चाल मना संगे."

सासूबाईंनी हातातली परात खाली ठेवली. "बाईमाणूस कधी ट्रकमा बसस का?"

"बसस," हे म्हणाले. "मनी बसस." माझी बसते.

एवढंच. मी लुगडी बोचक्यात बांधली आणि निघाले.

गाडीवर ह्यांच्याबरोबर रशीदचाचा असायचे. ते मालेगावचे. दोघं आळीपाळीनं गाडी चालवत. पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा, आणि कायम जवळ पानाचा डबा. त्यांनी सीटमागच्या फळकुटावर आपली गोधडी अंथरली, पुढून एक फुलाफुलांची चादर टांगली आणि म्हणाले, "बेटी, ये तेरा कमरा. झोप, जाग, रड. कोण बघत नाय इथं."

मी रडले नाही. चादरीच्या फटीतून रस्ता बघत राहिले. धुळं गेलं, जळगावच्या केळी गेल्या. वऱ्हाडात शिरलो तशी काळी जमीन आणि हाताएवढी वाढलेली कपाशी. केबिनमध्ये उदबत्ती, डिझेल, ओल्या तागाच्या गोण्या आणि कांदा असे चार वास एकमेकांत मुरलेले. आजही ओलं गोणपाट नाकाशी आलं की माझं शरीर जागच्या जागी हलायला लागतं, गाडीत बसल्यासारखं.

पहिला पाटा मूर्तिजापूरच्या पुढे तुटला. पावसानं रस्त्याची चाळण झाली होती. एक मोठा खड्डा आला, मागून 'टण्ण' असा आवाज आला, देवळातली घंटा जमिनीवर पडावी तसा, आणि गाडी एका अंगाला कलली. ह्यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरून बघितलं आणि म्हणाले, "पाटा तुटना." रशीदचाचांनी पान थुंकलं. "बाकीचे काय म्हणत्यात? धरलंय?" "शेत अजून," हे म्हणाले. आहेत अजून. तुटलेल्या पाट्याभोवती त्यांनी दोर आवळला, लाकडाचा ठोकळा ठोकला आणि आजारी बैलाला चालवावं तशी गाडी हळूहळू पुढच्या गॅरेजपर्यंत नेली. तिथं संध्याकाळपर्यंत थांबलो. मी बाजेवर बसून बघत होते. जॅकवर चढवलेली गाडी, हवेत लटकलेली चाकं, आणि गाडीखालून बाहेर आलेले ह्यांचे दोन पाय. त्या प्रवासातली ह्यांची आठवण काढली की मला आधी ते पायच दिसतात.

दुसरा पाटा रायपूर ओलांडल्यावर गेला. एक बदलला की भार शेजारच्यावर येतो, आणि तोही थकलेलाच असतो. पुन्हा जॅक, पुन्हा घण, पुन्हा ग्रीसचा वास. रशीदचाचा स्टोव्हवर चहा करायचे. नमाजाची वेळ झाली की रस्त्याकडेला रिकामी गोणी अंथरायचे आणि तोपर्यंत आम्ही दोघं आपोआप हळू आवाजात बोलायचो. बोलायचो म्हणजे, पाना दे, पाणी दे.

मागे गोण्यांतला कांदा तापत चालला होता. वर ताडपत्री, खाली ओल. असा कांदा थांबून राहिला की आतून घाम सोडतो.

आणि मग ओरिसात, संबलपूरच्या अलीकडे, सालवृक्षांच्या जंगलात, सगळंच बसलं. या वेळी मुख्य पाटा गेला, वरचा, ज्याच्यावर बाकीचे तोललेले असतात. त्याच्याबरोबर सगळ्या पाट्यांना मधोमध धरून ठेवणारा बोल्टही तुटला. मागचा अ‍ॅक्सल जागेवरून सरकला आणि चाक बॉडीला घासून धूर निघाला. आता दोरानं बांधून भागणार नव्हतं. रशीदचाचा एका जाणाऱ्या ट्रकमध्ये बसून नवा पाटा आणायला संबलपूरला गेले. दुसऱ्या दिवशी घेऊन आले तर त्याचं भोक जुळेना. म्हातारा माणूस, पाटा खांद्यावर घेऊन पुन्हा उलट्या दिशेच्या ट्रकला हात करत उभा राहिला. मला म्हणाला, "ये लोहा भी नखरे करता है बेटी."

आम्ही दोघंच राहिलो. हे आणि मी. लग्नानंतर इतका वेळ आम्ही दोघंच कधी नव्हतो.

भार कमी करायला ह्यांनी गोण्या उतरवायला घेतल्या. जवळच्या वाडीतली माणसं हात लावायला आली. ओल्या सालाच्या पानांवर कांदा ओतला तेव्हा वाफ निघाली. मी निवडायला बसले. घट्ट कांदा इकडं, मऊ तिकडं. सडलेल्या कांद्याचा वास आधी गोड असतो, मग घशात बसतो. बोटं त्या चिकट पाण्यानं भिजली. पानांवरून पावसाचं उरलेलं पाणी टपटपत होतं आणि जंगलातून मोहाच्या दारूचा की कुजलेल्या पाल्याचा, असा आंबूस वास यायचा. मऊ ढीग वाढत चालला. त्याच्याकडे बघून हे नुसते मान फिरवायचे आणि गाडीखाली जायचे.

वाडीतली एक बाई रोज यायची. कडेवर तिचं पोर, तीनचार महिन्यांचं, कमरेला काळा गोफ. तिची भाषा मला कळत नव्हती, माझी तिला. मी तिच्या पदरात कांदे टाकायचे आणि ती माझ्यासाठी पाण्यात भिजवलेला आंबट भात आणायची, वर एक हिरवी मिरची. त्या दिवशी दुपारी कांदे पदरात नीट बांधता यावेत म्हणून तिनं सहज आपलं पोर माझ्याकडे दिलं. बायका देतात तसं, विचार न करता.

पोरानं माझ्या खांद्यावर मान टाकली. त्याच्या टाळूला तेलाचा आणि धुराचा वास होता.

आणि माझं पोलकं भिजलं.

दूध आटलं असं सगळे म्हणाले होते. मीही म्हणत होते. पोर झटकन तिच्या हातात देऊन मी गाडीच्या मागच्या बाजूला गेले आणि चाकाला पाठ लावून बसले. छातीवरचा पदर दाबून धरला तरी थांबेना. गाडीखालून पान्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"काय जायं?" ह्यांनी आतूनच विचारलं.

मग म्हणाले, "रडस का?"

"तिचं तोंड कसं होतं?" मी म्हटलं.

मला ह्यांचे पाय दिसत होते, टाचांना भेगा पडलेले. ते हलले नाहीत.

मग हे बोलायला लागले. गाडीखाली उताणे पडून, वरच्या लोखंडाकडे बघत. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, त्यांना माझा. समोरासमोर असतो तर ते बोलले नसते, हे मला तेव्हाही कळलं. ते अहिराणीत बोलत होते, पण आठवणीत मला ते माझ्या चांदवडच्या भाषेत ऐकू येतं.

"केस लय होते," ते म्हणाले. "ओले. कानांवर आलेले. नाक माझ्या आईसारखं, बसकं. रंग उजळ. कपाळ..." आणि इथून पुढची काही वाक्यं मला त्यांच्याच भाषेत आठवतात. "तुनासारखं कपाय व्हतं."

"डोळे?"

"मिटेल व्हतात."

"कुठं ठेवलं तिला?"

"करंजाच्या झाडाखाली. पाणी येत नाय तिथवर. मी बघून घेतलं आधी."

"कशात गुंडाळलं?"

"मना शर्टमा," ते म्हणाले. "दुसरं काही नव्हतं हाताशी. लग्नातला होता."

मग ते रडले. मोठ्यानं. गाडीखालून आवाज असा येत होता की तो माणसाचा वाटेना. ती बाई पोराला घेऊन दूर उभी होती. ती हळूच निघून गेली. मी हात लांबवला आणि ह्यांचा घोटा धरला. तेवढाच हाताला येत होता. तुटका पाटा सोडवायचं काम कधीच संपलं होतं, तरी ते फार वेळ तसेच पडून राहिले, आणि मी घोटा सोडला नाही.

ऊन उतरल्यावर रशीदचाचा आले, बरोबर मापाचा पाटा घेऊन. आमच्याकडे एकदा बघितलं. स्टोव्ह पेटवला.

कलकत्त्याला पोहोचलो तेव्हा निम्म्याहून जास्त माल गेला होता. तिथल्या दलालानं गोणीत हात घातला आणि नुसता झटकला. परतीच्या वाटेवर मी चादरीमागे बसले नाही. पुढे दोघांच्या मध्ये बसले. रशीदचाचा जुनी हिंदी गाणी बेसूर म्हणत होते. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ह्यांनी मला नदीवर नेलं आणि ते झाड दाखवलं. आम्ही काही केलं नाही. फूल नाही, हळदकुंकू नाही. नुसते उभे राहिलो. करंजाच्या शेंगा पायाखाली मोडत होत्या.

पुढे सगळं एकेक करून गेलं. गाडी विकली. रशीदचाचा गेले, त्यांच्या मुलानं पानाचा डबा ह्यांना आणून दिला. मोसमला एकदा मोठा पूर आला आणि तो काठच खचला, झाडासकट. ह्यांनी 'पाणी येत नाय' म्हणून निवडलेली जागा. त्या दिवशी हे पुलावर उभे होते, गढूळ पाण्याकडे बघत. मी जाऊन हाताला धरून घरी आणलं. मुक्ता तेव्हा शाळेत होती. ती झाली तेव्हा हे दवाखान्याच्या दारातून हलले नव्हते.

पण श्रावण आला की मी विचारायचे, आणि हे सांगायचे. केस लय होते. नाक माझ्या आईसारखं. कपाळ तुझं. दर वर्षी तेच, तेवढंच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ते आमचं व्रतच होतं म्हणा. गेल्या वर्षी हे गेले. आणि या श्रावणात मी विचारणार कुणाला? सासरे नाहीत, सासूबाई नाहीत. ते तोंड पाहिलेलं जगात कुणी उरलं नाही. माणूस गेल्याचं दुःख सगळ्यांना कळतं, सगळे येऊन बसतात. हे दुसरं मी कुणाला सांगणार होते?

"आई, झालं गं. चल," मुक्ता म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही.

मी गाडीत बसले. तिनं चावी फिरवली. मिस्त्रीनं गाडी दाबून, हलवून दाखवली होती. आता काही वाजत नव्हतं. मी म्हटलं, "मुक्ता, थांब जरा. निघू नकोस." आणि मग एकदम म्हणून टाकलं, "तुला एक मोठी बहीण होती."

ती समोर बघत राहिली. हात स्टिअरिंगवर.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "अण्णांनी सांगितलं होतं. शेवटी शेवटी, दवाखान्यात, तू घरी अंघोळीला गेली होतीस तेव्हा."

"काय सांगितलं?"

"केस खूप होते म्हणाले. कपाळ तुझ्यासारखं." ती थांबली. "आणि बोट धरलं होतं म्हणाले."

"कुणी?"

"तिनं. नर्सनं बाहेर आणून अण्णांच्या हातात दिली तेव्हा ती होती ना अजून. अण्णांनी बोट पुढं केलं तर तिनं मुठीत धरलं. थोडा वेळच. मग सोडलं." मुक्तानं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "आई, तुला हे माहीत नव्हतं?"

मी नाही म्हणून मान हलवली. बाहेर हायवेवरून एक भरलेली गाडी कण्हत गेली.

म्हणजे ती जगली होती. थोडी. आणि हे, दर श्रावणात सगळं सांगताना, एवढं एकच मागे ठेवत आले होते. मी शुद्धीवर नव्हते तेव्हा ती होती, हे मला सांगायचं नाही म्हणून. एवढी वर्षं एकट्यानं.

"कुठलं बोट?" मी विचारलं.

"काय?"

"कुठल्या हाताचं? कुठलं बोट धरलं तिनं?"

मुक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते नाही गं विचारलं मी."

तिनं गाडी बंद केली. आम्ही तशाच बसून राहिलो. मी आठवत होते. शेवटच्या दिवसांत ह्यांना फारसं बोलवत नव्हतं, तेव्हा मी खाटेशेजारी त्यांचा हात हातात घेऊन बसायचे. एका बाजूला सलाईन लावलं की दुसऱ्या बाजूला जायचे. कधी डावा हात, कधी उजवा. ग्रीस कधीच पूर्ण न गेलेली ती बोटं मी एकेक करून चोळायचे, गार पडतात म्हणून. सगळी चोळायचे. एकही सोडायचे नाही.

म्हणजे तेही माझ्या हातात आलंच असणार.